हरपलेलें दप्तर आणि उतावळा हात

हल्लीं कोणत्याही शाळेच्या, दवाखान्याच्या अगर छायाचित्रकाराच्या कचेरींत गेलें असतां एका कोपऱ्यांत, बहुधा टेबलाखालीं, एक लहानशी काळी पेटी मंदपणें गुणगुणत असलेली आढळते. तिच्या तोंडावर चार-पांच हिरवे दिवे लुकलुकत असतात. कारकुनाला तिच्याविषयीं विचारलें तर तो मोठ्या विश्वासानें सांगतो कीं, "हिच्यांत चार डिस्का आहेत, एखादी बिघडली तरी आपलें कांहीं जात नाहीं." हें उत्तर अगदींच खोटें आहे असें नाहीं, परंतु तें अर्धेंच खरें आहे, आणि जें अर्धें त्यांत येत नाहीं त्याच्याच पायीं वर्षांनुवर्षांचीं दप्तरें हरपतात. अशीं हरपलेलीं दप्तरें परत मिळवून देणें हा आज एक स्वतंत्र धंदा झाला आहे. त्या धंद्यांतील जाणत्यांचें काम कसें चालतें हें कळलें म्हणजे आपण आपल्या पेटीशीं कसें वागावें हेंही कळतें. आणि प्रस्तुत लेखकाचें मत असें आहे कीं, हें ज्ञान पेटी बिघडण्यापूर्वीं व्हावें, मागाहून नव्हे.

या पेटीची कल्पना कोठून आली तें प्रथम पाहूं. इ. स. १९८८ मध्यें अमेरिकेंत, बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ या तिघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळीं मोठ्या संगणकांकरितां एकेक अवाढव्य व महागडी डिस्क घेण्याची वहिवाट होती. तिच्याऐवजीं लहान व स्वस्त अशा पुष्कळ डिस्का एकत्र जोडाव्या, म्हणजे काम वेगानें होईल, असें या तिघांनीं सुचविलें. मात्र डिस्का जितक्या अधिक तितका त्यांतील एखादी बिघडण्याचा संभवही अधिक. तेव्हां एकीच्या मरणानें सर्वांचें मरण ओढवूं नये म्हणून थोडी जागा राखून तींत हिशेबाची एक खूण ठेवावी, असा त्यांचा बेत होता. या योजनेस 'रेड' असें आद्याक्षरी नांव पडलें, आणि आज तेंच रूढ आहे.

ही खूण कशी असते तें वर्गांतल्या एका खेळानें सहज समजेल. तीन मुलांच्या हातीं एकेक पाटी द्यावी; प्रत्येकानें तिच्यावर १ किंवा ० लिहावें. चौथ्या मुलानें तिघांच्या पाट्या पाहून आपल्या पाटीवर असा आंकडा लिहावा कीं, चारी पाट्यांवरील १ मोजले असतां ते सम भरतील. आतां चौघांपैकीं कोणीही एक मुलगा वर्गाबाहेर गेला तरी उरलेल्या तीन पाट्या पाहून त्याचा आंकडा निश्चित सांगतां येतो. दोघे गेले तर मात्र कितीही मोठ्या गणित्याला तें सांगतां येणार नाहीं. पेटींतील डिस्का हाच खेळ एका सेकंदांत कोट्यवधि वेळां खेळत असतात. खुणेचें काम एकाच डिस्केकडे न ठेवतां तें पाळीपाळीनें सर्वांकडे फिरवितात, एवढाच फरक. कांहीं पेट्यांत दोन निरनिराळ्या खुणा ठेवतात, म्हणजे दोन डिस्का गेल्या तरी भागतें. याहून साधी रीत म्हणजे दोन डिस्कांवर तेंच तें लिहीत जाणें. तिला आरशाची रीत म्हणतात.

तर मग अशी पेटी बुडते तरी कशी? बहुतेक वेळां ती एकदम बुडत नाहीं. चारही डिस्का एकाच दिवशीं, एकाच दुकानांतून, बहुधा कारखान्याच्या एकाच घाण्यांतल्या आणलेल्या असतात. त्यांनीं सारखेच तास काम केलेलें असतें. सारखाच उन्हाळा व विजेचा सारखाच लपंडाव सोसलेला असतो. त्यामुळें एकीचें आयुष्य सरलें म्हणजे दुसरीचेंही फारसें उरलेलें नसतें. पहिली डिस्क गेली कीं हिरव्याचा तांबडा दिवा होतो आणि पेटी टीं-टीं करूं लागते. ती कटकट नको म्हणून कोणीतरी बटण दाबून तिचें तोंड बंद करतो. काम तर चालूच असतें, म्हणून ती गोष्ट विसरलीही जाते. पुढें केव्हांतरी नवी डिस्क बसवितात. त्या वेळीं पेटीला उरलेल्या डिस्कांचा कानाकोपरा वाचून नवीवर हिशेब भरून काढावा लागतो. वर्षानुवर्षें ज्या भागाकडे कोणी ढुंकूनही पाहिलें नाहीं तोही आतां वाचावा लागतो, आणि नेमका तेथेंच अडथळा निघतो. साध्या डिस्का बनविणारे कारखानदार आपल्या मालाच्या वर्णनांत स्वतःच असें मान्य करतात कीं, १०० लाख कोटि बिटें, म्हणजे सुमारें १२.५ टेराबाइट, वाचतांना एखादा तुकडा न वाचला जाण्याची तयारी ठेवावी. प्रत्यक्षांत डिस्का याहून पुष्कळ बऱ्या निघतात. तरी ८ टेराबाइटच्या चार डिस्कांच्या पेटींत एक बदलतांना उरलेल्या तिघींचे मिळून २४ टेराबाइट वाचावे लागतात, हें विसरूं नये.

याहूनही घातक असा एक प्रकार आहे, व तो सविस्तर सांगण्याजोगा आहे. समजा, जून महिन्यांत तिसरी डिस्क अडखळली आणि पेटीनें तिला पंक्तींतून उठविलें. डिस्क जागेवरच राहिली. कोणाच्या कांहीं ध्यानांत आलें नाहीं. जूनपासून नोव्हेंबरपर्यंतचें सारें लेखन उरलेल्या तिघींवर झालें: नव्या प्रवेशांच्या नोंदी, सहामाहीचे गुण, फीचा हिशेब. नोव्हेंबरांत दुसरी एक डिस्क गेली आणि पेटी बंद पडली. घाबरलेला मनुष्य पाहतो तों जूनमधली ती डिस्क चालू होण्यासारखी दिसते; तो तिला पुन्हां पंक्तींत बसण्याचा हुकूम देतो. पेटी उघडते, फायलींचीं नांवें दिसतात, सर्वांस हायसें वाटतें. परंतु ती डिस्क म्हणजे जूनमध्यें थांबलेलें घड्याळ आहे. तिच्यावरील मजकूर जूनचा, इतरांवरील नोव्हेंबरचा. पेटी या दोन काळांची बेरीज करून गेलेल्या डिस्केचा मजकूर काढूं लागते, आणि तो चुकीचा मजकूर दुरुस्तीच्या नांवाखालीं खऱ्या मजकुरावर लिहूं लागते. जें सकाळीं बहुतेक सर्व परत मिळण्यासारखें होतें तें संध्याकाळपर्यंत कोणालाही न मिळण्यासारखें होऊन बसतें. डिस्का बिघडल्या खऱ्या. परंतु दप्तर बुडविलें तें त्या हुकुमानें.

ही अतिशयोक्ति वाटत असल्यास प्रत्यक्ष घडलेल्या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. इ. स. २००३ च्या १ फेब्रुवारीस 'कोलंबिया' हें अवकाशयान पृथ्वीवर परततांना टेक्सासवरील आकाशांत भंगलें, आणि आपल्या देशांत जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखीं पडले. त्या यानांत झेनॉन वायूच्या चिकटपणाविषयीं एक प्रयोग चालला होता, व त्याची टिपणें एका डिस्केवर होतीं. सुमारें सहा महिन्यांनीं ती डिस्क एका कोरड्या पडलेल्या तळ्यांत सांपडली, ती जळून ओळखूं न येण्यासारखी झालेली. मिनेसोटा येथील क्रॉल ऑनट्रॅक या संस्थेंतील तज्ज्ञांनीं तिच्यांतील तबकड्या रसायनानें स्वच्छ केल्या, दुसऱ्या सांगाड्यांत बसविल्या, आणि सुमारें ९९ टक्के मजकूर परत काढला. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ सालीं 'फिजिकल रिव्ह्यू ई' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. या यशास दैवाचाही हात लागला: जुन्या 'डॉस' पद्धतीमुळें मजकूर विखुरलेला नव्हता, सलग होता, आणि जो भाग खरवडला गेला होता त्यावर कांहीं लिहिलेलेंच नव्हतें. यानांतील इतर दोन डिस्कांतून कांहींएक मिळालें नाहीं.

दुसरी गोष्ट अमेरिकेंतीलच. 'जर्नलस्पेस' नांवाच्या एका संस्थेच्या संगणकावर लोक सुमारें सहा वर्षें आपआपल्या रोजनिशा लिहीत होते. तेथें आरशाची रीत होती. दोन डिस्कांवर तेंच तें लिहिलें जाई, आणि चालकांनीं त्यालाच पुरेसा बंदोबस्त मानलें होतें. २००८ च्या अखेरीस त्या डिस्कांवरील सारा मजकूर पुसला जाऊन त्यावर दुसरें लेखन झालें. एकीवर जें घडलें तें आरशानें तत्काळ दुसरीवरही घडविलें. आग नाहीं, धूर नाहीं, पडझड नाहीं. दोन्ही डिस्का धडधाकट होत्या. त्या ड्राइव्हसेव्हर्स या नामांकित तज्ज्ञसंस्थेकडे पाठविल्या, परंतु तेथेंही कांहीं निघालें नाहीं, आणि ती संस्था बंद पडली. आकाशांतून जळत पडलेल्या डिस्केनें शंभरांपैकीं नव्याण्णव भाग परत दिले. टेबलावर सुखरूप असलेल्या दोन डिस्कांनीं एकही दिला नाहीं. एकदां एका अक्षरावर दुसरें लिहिलें गेलें म्हणजे पूर्वींचें अक्षर आजच्या डिस्कांतून कोणीही वाचूं शकत नाहीं, हें यांतलें मर्म.

आतां जाणता मनुष्य काय करतो तें पाहावें. त्याच्या कामाचा पहिला नियम असा कीं, मूळ डिस्कांवर एक अक्षरही लिहावयाचें नाहीं. कोणती डिस्क कोणत्या खणांत होती तें तो आधीं प्रत्येकीवर लिहून ठेवतो. मग एकेकीची अक्षरशः नक्कल स्वतंत्र, निरोगी डिस्केवर काढतो; या वेळीं मधें असें एक उपकरण बसवितो कीं ज्यांतून वाचतां येतें पण लिहितां येत नाहीं. डिस्क आजारी असल्यास आधीं तिचा सहज वाचतां येणारा भाग उतरून घेतो, आणि खराब भागाकडे अखेरीस वळतो. कारण आजारी डिस्केला आयुष्य थोडें असतें, व तें कोणत्या पानासाठीं खर्च करावें याचा विवेक ठेवावा लागतो. 'डीडीरेस्क्यू' नांवाची एक मोफत मिळणारी आज्ञावलीही याच क्रमानें काम करते.

डिस्क आंतून मोडली असेल तर काम आणखी नाजूक होतें. आंतील तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असते, आणि तिच्यावरून फिरणारी वाचनसोंड आपल्या केसाच्या जाडीच्या दहाहजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. धुळीचा एक कण त्या फटीपुढें डोंगरासारखा ठरतो. म्हणून असली डिस्क धूळरहित कोठडींतच उघडतात, आणि त्याच नमुन्याच्या दुसऱ्या डिस्केच्या सोंडा काढून तिला बसवितात. घरीं झांकण उघडून पाहणें, डिस्क बर्फाच्या कपाटांत ठेवणें, तिला हलकेच ठोकणें, असले उपाय सांगणारे वैदू पुष्कळ आहेत. त्यांच्या नादीं लागूं नये.

नकला हातीं आल्या म्हणजे खरी बुद्धीची कसोटी लागते. अशी कल्पना करा कीं, जमाखर्चाच्या एका जाड वहीचीं पानें सुटीं करून तीं चार खोक्यांत पाळीपाळीनें टाकलीं आहेत, पृष्ठांक कोठेंही नाहीं, आणि मधूनमधून पानाच्या जागीं हिशेबाची खूण घातलेली आहे. कोणतें खोकें पहिलें? एका वेळीं किती ओळी एका खोक्यांत गेल्या? खूण डावीकडून फिरली कीं उजवीकडून? चार डिस्कांचे क्रम २४ प्रकारांनीं लावतां येतात. आठ असल्या तर ४०,३२० प्रकारांनीं. प्रत्येक क्रमाबरोबर तुकड्याची लांबी व खुणेची चाल यांचेही अनेक पर्याय. जाणता मनुष्य अंदाजानें सर्व पर्याय धुंडाळीत बसत नाहीं; तो ओळखीच्या खुणा शोधतो. छायाचित्राचा प्रारंभ कसा असतो, फायलींची अनुक्रमणिका कशी मांडलेली असते, हें त्याला तोंडपाठ असतें. शिवाय वर सांगितलेला पाट्यांचा खेळ येथें त्याच्या कामीं येतो. चारी डिस्कांच्या एकाच ठिकाणचे १ मोजले असतां ते सम भरले पाहिजेत. जेथें ते विषम भरतात तेथें कोणाची तरी पाटी जुनी आहे. मग एकेक डिस्क वगळून पाहतां पाहतां तो जूनमध्यें थांबलेली डिस्क हुडकून काढतो व तिला बाजूस ठेवतो. ज्या डिस्केला घाबरलेल्या मनुष्यानें मोठ्या आशेनें आंत घेतलें असतें तीच हा प्रथम बाहेर काढतो.

शेवटीं परीक्षा. लहान चित्रें उघडलीं म्हणून जोडणी बरोबर झाली असें तो मानीत नाहीं. कारण लहान चित्र एकाच तुकड्यांत मावतें, आणि क्रम चुकला असला तरीही उघडतें. तो मोठालीं छायाचित्रें व लांबलचक चित्रफिती उघडून पाहतो. त्यांचे तुकडे चारी डिस्कांवर पसरलेले असल्यामुळें क्रमांतील चूक तेथें लपत नाहीं. चेहऱ्याचा अर्धा भाग जागेवर आणि अर्धा भलतीकडे असें दिसूं लागतें.

या विद्येविषयीं प्रस्तुत लेखकाला आदर आहे. परंतु तिच्या भरंवशावर दप्तर ठेवणें म्हणजे वैद्य हुशार आहे म्हणून पथ्य सोडण्यासारखें आहे. मजकूर गुप्त लिपींत ठेवलेला असून तिची किल्ली हरवली असेल तर वैद्याचेंही कांहीं चालत नाहीं. आणि या साऱ्या खटाटोपाची गरज ज्या एका गोष्टीनें टळते ती गोष्ट फार साधी आहे: दुसऱ्या ठिकाणीं ठेवलेली स्वतंत्र प्रत. पेटींत कितीही डिस्का असल्या तरी पेटी एकच. तिच्यावर छप्पर गळलें, वीज कडाडली, अगर कोणी चुकीचा हुकूम दिला, तर चारही डिस्का तो एकमतानें पाळतात. लहान संस्थांनाच हें कळत नाहीं असें समजूं नये. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं दक्षिण कोरियांतील देजॉन शहरीं सरकारी माहितीकेंद्रास आग लागली, तेव्हां सरकारी नोकरांच्या कामाचे कागद ठेवण्याचें 'जी-ड्राइव्ह' हें भांडार जळालें. त्यांत ८५८ टेराबाइट मजकूर होता, आणि भांडार फार मोठें म्हणून त्याची बाहेर दुसरी प्रत ठेवलेली नव्हती.

प्रत कशाला म्हणावें याचें एक उदाहरण मराठीच्या इतिहासांतही आहे. बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें विल्यम केरी यांनीं, वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साहाय्यानें, मराठीचें व्याकरण १८०५ मध्यें व कोश १८१० मध्यें छापून काढला. ११ मार्च १८१२ रोजीं त्या मिशनच्या छापखान्यास आग लागली. केरींच्या बहुभाषी कोशाचें हस्तलिखित त्या आगींत गेलें. त्याची दुसरी प्रत नव्हती, व तो ग्रंथ पुढें कधींच सिद्ध झाला नाहीं. मात्र अक्षरांचे पोलादी ठसे राखेंत शाबूत सांपडले. वितळलेल्या शिशांतून नवे खिळे ओतून छपाई लवकरच सुरू झाली. आणि मराठीचें व्याकरण व कोश यांस त्या आगीनें कांहीं बाध आला नाहीं, कारण त्यांच्या प्रती कधींच ठिकठिकाणीं पोंचल्या होत्या.

कोणी म्हणतील, आतां सर्व कांहीं दूरच्या कंपनीच्या भांडारांत आपोआप जातें. आम्हांला काळजी कशाला? त्यांस एवढेंच सांगणें आहे कीं, ज्या सोयीमुळें घरीं लिहिलेलें तेथें आपोआप लिहिलें जातें, तीच सोय घरीं पुसलेलें तेथेंही आपोआप पुसते. तीही आरशाचीच एक जात आहे. कांहीं कंपन्या पुसलेलें ठराविक दिवस राखून ठेवतात. ते दिवस किती, हें आपल्या पालकांपैकीं किती जणांनीं पाहून ठेवलें असेल याची शंकाच आहे. नवी मोठी पेटी घेण्याकरितां वर्गणी जमविण्यापूर्वीं संस्थांनीं एक साधी सुटी डिस्क घ्यावी, आठवड्यास एकदां तिच्यावर प्रत काढावी, आणि ती डिस्क त्या इमारतींत ठेवूं नये. सहामाहीस एकदां तींतील चार-दोन फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्या. हें काम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांवर शिक्षकांच्या देखरेखीखालीं सोंपवितां येईल. प्रयोगशाळेंतल्या कित्येक प्रयोगांपेक्षां त्यांना यांत अधिक गोडी वाटेल.

इतकें असूनही एखाद्या दिवशीं पेटी बंद पडलीच तर पहिलें काम म्हणजे कांहीं न करणें. वीज बंद करावी. "सर्व डिस्का नव्यानें सिद्ध करूं काय?" असें पेटीनें विचारल्यास होय म्हणूं नये, त्या प्रश्नांतील सौजन्य वरवरचें असतें. डिस्का बाहेर काढण्यापूर्वीं खणाचा आंकडा प्रत्येकीवर लिहावा, आणि पूर्वीं बदलून टाकलेली जुनी डिस्क कपाटांत पडून असेल तर तीही बरोबर द्यावी. जो तज्ज्ञ डिस्का न पाहतांच सर्व मजकूर मिळवून देण्याची हमी देतो त्याच्याकडे न जातां, जो आधीं तपासून काय मिळेल याची यादी दाखवितो व मगच दर सांगतो त्याच्याकडे जावें. कित्येक संस्था कांहीं न मिळाल्यास मोबदला घेत नाहींत. खर्च पुष्कळ येतो व दिवसही लागतात, म्हणून कोणत्या फायली सर्वांत आधीं हव्यात तें सांगावें.

त्याबरोबर एक कागद द्यावा. पेटी केव्हां घेतली, दिवा केव्हां तांबडा झाला, कोणती डिस्क कोणी हलविली, वीज किती वेळां गेली, हें सारें त्यावर घडलें तसें लिहावें. डिस्का नेऊन देणारे बहुतेक लोक सांगतात कीं, "आम्ही कांहीं केलें नाहीं, ती आपोआप बंद पडली". आणि मग तज्ज्ञाचा निम्मा वेळ, कोणीतरी काय केलें होतें तें शोधण्यांत जातो. घरच्या मुलानें एखादें बटण दाबलें असेल तर तेंही लिहावें. त्याला रागें भरावयाचें असल्यास तें मागाहून करतां येईल. आधीं त्याला जवळ बसवून नीट विचारून घ्यावें कीं बटण कोणतें, तें किती वाजतां दाबलें, आणि त्या वेळीं पेटीनें काय विचारलें होतें.